अम्मीसाठी मांजर आणताना

"अब्बा गेल्यापासून अम्मी गप्प गप्प असते. तिला एखादी मांजर आणून देऊ का?" हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांतून ऐकू येतो. मुलगा आखातात, मुलगी सासरी, सून कामावर, आणि परळ-लालबागच्या खोलीत अम्मी दिवसभर एकटी. मनाला आधार म्हणून पाळलेल्या अशा प्राण्याला परदेशात 'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल' म्हणतात. कल्पना चांगली आहे, पण आधी अम्मीला विचारा, तिला मांजर हवी आहे का? मुलं हौसेनं पिल्लू आणतात आणि गुडघेदुखीच्या बाईला आणखी एकाची उस्तवार करावी लागते, असं सर्रास घडतं. खाणं, घाण काढणं, दवाखाना ही कामं कुणाची, हे पिल्लू यायच्या आधी ठरलेलं बरं.

मांजर औषधाची जागा घेत नाही. फजरनंतर कुणीतरी आपली वाट पाहतंय, एवढ्यानंही काहींचा दिवस सुरू होतो. पण झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर केईएमच्या मानसोपचार विभागात जा किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा.

इंटरनेटवर 'सपोर्ट अ‍ॅनिमल'ची प्रमाणपत्रं विकतात, त्यावर पैसे घालवू नका. आपल्या कायद्यात असा वेगळा दर्जाच नाही आणि त्याची गरजही नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंही प्राणी पाळायला बंदी घालता येत नाही. भाड्याचं घर असेल तर मात्र मालकाची संमती लेखी घ्या.

पाकी-नापाकीचा प्रश्न घरातली मोठी माणसं काढणारच. मांजरीबाबत मन निर्धास्त ठेवा. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करायला बसले असताना मांजर आली, तेव्हा त्यांनी भांडं कलतं करून तिला पाणी पिऊ दिलं. सून आश्चर्यानं पाहत राहिली, तेव्हा त्यांनी पैगंबर (स.) यांचं सांगणं तिच्या कानी घातलं, की मांजर नापाक नाही, ती आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांतलीच आहे. गळालेल्या केसांचा मुद्दा शाफई कोकणी घरांत निघतो, पण थोड्याफार केसांना माफी आहे. मुसल्ला घडी घालून कपाटात ठेवला की झालं.

कुत्र्याचं तसं नाही. राखण, शिकार, गुरं यांसाठी त्याला मुभा आहे. पण शाफई मसलकात त्याची ओली लाळ लागली तर सात वेळा धुणं आणि त्यात एकदा माती, हे दोन खोल्यांच्या घरात रोज कसं जमायचं? तुमच्या आलिमांना विचारूनच ठरवा. शिवाय महापालिकेचा परवाना लागतो. गल्लीतल्या कुत्र्याला पाणी ठेवायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही. तहानलेल्या कुत्र्याला बुटातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे.

आणि पोपट? आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, दादीच्या माहेरी कितीही पिढ्या असला तरी.

आता घराची तयारी. टॉवरमध्ये राहत असाल तर मांजर यायच्या आधी खिडक्यांना जाळी लावा. पक्ष्यावर झेपावताना मांजरी वरच्या मजल्यावरून पडतात. चाळीत गॅलरीचं दार हीच काळजी. मातीचा ट्रे स्वयंपाकापासून दूर, मोरीजवळ ठेवा आणि रोज साफ करा. घरात सून गरोदर असेल तर ते काम दुसऱ्या कुणी करावं, कारण मांजरीच्या विष्ठेतल्या एका जंतूचा गर्भाला धोका असतो. कुणाला दमा असेल तर आधी मांजर असलेल्या घरी तासभर बसवून पाहा.

मोठ्या मांजरीला दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते. उकडलेली मासळी काटे काढून द्या, पण नुसत्या मासळीवर ठेवू नका. कांदा-लसणाचं कालवण नको. आणि तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीच नको, एका गोळीनंही मांजर दगावते.

महागड्या पर्शियनच्या नादी कशाला लागायचं? मुंबईच्या दमट हवेत तिच्या लांब केसांच्या गाठी सोडवता सोडवता अम्मीचे हात दुखतील. गल्लीतलं, माणसाळलेलं, थोडं मोठं मांजर बरं. ते आधी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवा. १८७४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एस.पी.सी.ए.चं हे रुग्णालय आहे. जंत, गजकर्ण, रेबीजची लस, नसबंदी हे सगळं तिथे विचारून घ्या.

लालबागला गणपतीत ढोल-ताशे, दिवाळीत फटाके असतात. त्या दिवसांत आतल्या खोलीत, पलंगाखाली, एक खोका आणि अम्मीची जुनी ओढणी ठेवा. मांजर तिथे दडून बसली तर ओढून बाहेर काढू नका.

मे महिन्यात सगळं घर रत्नागिरीला जातं, कधी उमऱ्याचं ठरतं, कधी इमारत पुनर्विकासात जाऊन भाड्याच्या घरी राहावं लागतं. मांजर वाऱ्यावर सोडली जाते ती अशाच वेळी, आणि ज्या अम्मीसाठी ती आणली, तिचं दुसऱ्यांदा कुणीतरी हरवतं. चावी कोणत्या शेजारणीकडे राहील, हे तिला आजच विचारून ठेवा.