नागरिकत्वाची फाईल कुठे थांबते?

मागच्या वेळी आपण जन्माने मिळणारं नागरिकत्व पाहिलं. आज, बाहेरून येऊन जे इथले होऊ पाहतात, त्यांच्याकडे वळू. उल्हासनगरमध्ये किंवा नागपूरच्या जरीपटक्यात चौकशी केलीत तर पाकिस्तानातून लाँग टर्म व्हिसावर आलेली सिंधी कुटुंबं भेटतील. दुकान इथे, मुलांची शाळा इथे, आणि नागरिकत्वाचा अर्ज 'प्रोसेसमध्ये'. हे 'प्रोसेसमध्ये' म्हणजे नक्की कुठे, एवढंच आज बघायचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. १९५५ च्या कायद्यात दोन दारं आहेत. कलम ५, म्हणजे नोंदणी. कलम ६, म्हणजे स्वीकृती, ज्याला नॅचरलायझेशन म्हणतात. मूळ भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीसाठी सात वर्षांचं वास्तव्य लागतं. स्वीकृतीसाठी अर्जाआधीचं सलग एक वर्ष, आणि त्यामागच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं. आता गंमत पहा, अर्थात ज्याच्यावर येते त्याला ती गंमत वाटत नाही. भारतीय वंशाचा कोण? जो स्वतः, किंवा ज्याचे आई किंवा वडील, अखंड भारतात जन्मले तो. म्हणजे १९४७ नंतर कराचीत किंवा सख्खरमध्ये जन्मलेल्या आईबापांची मुलं या व्याख्येत बसतच नाहीत. आजोबांना सात वर्षं, नातवाला बारा. काळ जातो तसं जवळचं दार बंद होत जातं, आणि हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, नुसत्या कॅलेंडरने होतं.

आता फाईल. अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे. २००९ च्या नियमांप्रमाणे त्यांनी साठ दिवसांत अहवालासह तो राज्य सरकारकडे पाठवायचा, राज्याने तीस दिवसांत शिफारशीसह केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. कागदावर तीन महिने झाले. पण मधे पोलिसांची चौकशी आहे, गुप्तचर यंत्रणांचा अहवाल आहे. एखाद्या कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं की फाईल त्रुटीसाठी परत. दिल्लीतून मुंबई, मुंबईतून जिल्हा, आणि मग पुन्हा वर. प्रत्येक टेबलावर उत्तर एकच मिळतं, 'आमच्याकडून गेली.' आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं!

हा फेरा तोडायचा एक प्रयत्न डिसेंबर २०१६ मध्ये झाला. सात राज्यांतल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना निर्णयाचेच अधिकार दिले गेले. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते : नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे. पण कुणासाठी? अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी. २०१९ च्या दुरुस्तीनेही याच समुदायांचा अकरा वर्षांचा कालावधी पाचवर आणला, पण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. आणि त्याचे नियम यायला मार्च २०२४ उजाडला. लग्न होऊन इथे आलेली पाकिस्तानी मुस्लिम सून मात्र जुन्याच रस्त्याने जाते.

त्या रस्त्यावरचं शेवटचं वळण सगळ्यात अवघड. दिल्लीहून स्वीकृतीचं पत्र आलं की आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला द्यावा लागतो. तो मिळणार पाकिस्तानी उच्चायुक्तालयातून. त्यांचा कायदाही म्हणतो, दुसरा देश घेणार असल्याचं पत्र आधी दाखवा. बरं, तिथे एकविसाच्या आतला माणूस अज्ञान धरला जातो. आपल्याकडे अठराव्या वर्षी मत देतात. हा मुलगा अठराचा झाला तरी सोडायचा दाखला आणू शकत नाही.

इथे बरेच जण विचारतात, कोर्टात का जात नाहीत? कलम १४ सांगतं की अर्ज मंजूर करणं किंवा नाकारणं हा सरकारचा विवेकाधिकार, आणि कारण देण्याचंही बंधन नाही. कलम १५ प्रमाणे आदेशाविरुद्ध तीस दिवसांत फेरतपासणी मागता येते. पण त्याला आदेश हवा ना! नकार मिळालेल्याच्या हातात निदान एक कागद असतो. ज्याला उत्तरच आलेलं नाही, त्याचे तीस दिवस सुरूच होत नाहीत. त्याच्यासाठी उच्च न्यायालयात रिट उरतं, आणि तिथेही बहुधा 'अमुक मुदतीत निर्णय घ्या' एवढाच आदेश मिळतो. आमच्या मते खरी दुरुस्ती इथे हवी : शेवटच्या टेबलालाही मुदत, आणि ती उलटली तर अर्जदाराला लेखी कारण.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना आधी दिलेले लाँग टर्म व्हिसा कायम आहेत, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला. पण असा खुलासा करावा लागला याचाच अर्थ, इथे पंधरा वर्षं दुकान चालवणारा माणूसही त्या दिवशी सरकारच्या लेखी 'पाकिस्तानी नागरिक'च होता. फाईल वेळेत निघाली असती तर तो त्या यादीत नसता.

चला, आता प्रश्न घेऊ.