छायेविना चेहरे : न्यू इंग्लंडचे फिरते व्यक्तिचित्रकार

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशात आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुखवस्तू शेतकरी, दुकानदार आणि जहाजांचे कप्तान यांचा जो वर्ग वर आला, त्याला आपल्या माणसांची चित्रे घरात लावायची होती. परंतु मोठ्या शहरांतील नामांकित चित्रकारांचा मोबदला त्याला झेपणारा नव्हता. ही गरज गावोगाव फिरणाऱ्या चित्रकारांनी भागवली. त्यांच्यापैकी अनेकांनी कलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. दुकानांच्या पाट्या, घोडागाड्या आणि घरांच्या भिंती रंगवता रंगवता त्यांचा हात बसला होता.

त्यांनी रंगवलेले चेहरे सपाट दिसतात, म्हणजे नाकाचा व गालांचा उठाव दाखवणारा छायाप्रकाश त्यांत जेमतेमच असतो, आणि त्यावरून त्यांना कच्चे ठरवण्याची घाई सहज होते. मेन राज्यातील विल्यम मॅथ्यू प्रायर (१८०६–१८७३) याची १८३१ मधील जाहिरात मात्र वेगळेच सांगते : छायेविना सपाट चित्र एकचतुर्थांश दरात मिळेल, असे तीत कळवले होते. अधिक पैसे मोजणाऱ्यांसाठी प्रायर छायाप्रकाशयुक्त चित्रेही काढत असे. सपाटपणा हा बराचसा वेळेचा आणि दराचा हिशेब होता.

कनेक्टिकटमध्ये जन्मलेल्या ॲमी फिलिप्सने (१७८८–१८६५) याच काटकसरीतून अस्सल सौंदर्य निर्माण केले. गडद पोशाख तो एकसंध आकारात रंगवी, पार्श्वभूमी मोकळी सोडी आणि सारे लक्ष चेहरा व लेसची कॉलर यांवर केंद्रित करी. लाल झग्यातील मुलगी, तिच्या हातांतले पांढरे मांजर आणि पायांशी बसलेला कुत्रा हे त्याचे चित्र न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये आहे. तशाच लाल झग्यातील इतर मुलेही त्याने रंगवली. तो क्वचितच सही करी आणि त्याची शैली काळानुसार इतकी पालटली की, त्याची चित्रे दीर्घकाळ निरनिराळ्या अज्ञात चित्रकारांची मानली गेली. हिवाळ्यात धडे रंगवून ठेवायची आणि पुढे त्यांवर गिऱ्हाइकांचे चेहरे काढायचे, ही या चित्रकारांविषयीची कथा लोकप्रिय असली, तरी तिला फारसा पुरावा नाही.

१८३९ मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे छायाचित्र, जाहीर झाले आणि काही वर्षांतच हा व्यवसाय आटू लागला. एरास्टस सॅलिसबरी फील्ड (१८०५–१९००) याने स्वतःच कॅमेरा हाती घेतला व छायाचित्रांवरून व्यक्तिचित्रे रंगवली. त्यांत हुबेहूबपणा वाढला, पण त्याच्या आधीच्या चित्रांतील ठसठशीत जिवंतपणा उणावला.