विश्लेषण : घरचा छोटा सर्व्हर इतका का तापतो? तापमानाचा आकडा कसा वाचायचा?

मोबाइलमधील छायाचित्रे, मुलांचे व्हिडीओ, महत्त्वाची कागदपत्रे घरातच साठवता यावीत म्हणून अनेक जण तळहाताएवढा ‘मिनी पीसी’ किंवा रास्पबेरी पाय ‘होम सर्व्हर’ म्हणून वापरतात. हा संगणक दिवसाचे २४ तास सुरू असतो. एखाद्या दिवशी पडद्यावर प्रोसेसरचे तापमान ९० अंश सेल्सिअस दिसते आणि नवा पंखा, नवी थर्मल पेस्ट यांची शोधाशोध सुरू होते. मात्र बऱ्याचदा खरे कारण वेगळेच असते. ते कसे ओळखायचे, याविषयी.

छोटाच संगणक जास्त का तापतो?

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळी अखेर उष्णतेत बदलते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी मोठ्या संगणकात धातूचा मोठा हीटसिंक, रुंद पंखा आणि मोकळी जागा असते. मिनी पीसीत या तिन्ही गोष्टींची चणचण असते. त्यात अनेक उत्पादक वेग वाढवण्यासाठी प्रोसेसरला जास्त वीज घेण्याची मुभा देतात. उदाहरणार्थ, अशा संगणकांत लोकप्रिय असलेल्या इंटेल एन१०० या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६ वॉट आहे; पण काही मिनी पीसींमध्ये ती बायोसमधून दुप्पट किंवा त्याहून अधिक ठेवलेली असते.

किती तापमान म्हणजे धोका?

एन१००ची कमाल तापमानमर्यादा १०५ अंश आहे. रास्पबेरी पाय ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५ अंशांना आणखी आवर घालतो. याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. तरीही तापमान वाढतच राहिले, तर आधुनिक प्रोसेसर जळण्याआधी संगणक बंद करतो. त्यामुळे एखादे अवघड काम सुरू होताच आकडा क्षणभर ८५-९० वर जाणे हा बिघाड नव्हे. काम नसतानाही तो तासन्तास ७०-८० वर राहत असेल, तर मात्र कारण शोधायला हवे.

खोलीचे तापमानही यात धरावे लागते. ३० अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी साधारण ८० वर जाईल. हिवाळ्यात बिनतक्रार चालणारा सर्व्हर मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात अडखळू लागला, तर त्यात नवल नाही.

कारण कसे शोधायचे?

तापमान एकटे पाहू नये. त्यासोबत प्रोसेसरवरील कामाचा भारही पाहावा. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तापमान दाखवते, तर ‘टॉप’ किंवा ‘एचटॉप’ कोणता प्रोग्राम किती भार टाकतो आहे ते सांगते.

भार जास्त आणि तापमानही जास्त असेल, तर कारण सॉफ्टवेअरमध्ये आहे. नव्याने भरलेल्या छायाचित्रांतील चेहरे ओळखणे किंवा व्हिडीओचे रूपांतर करणे ही कामे प्रोसेसरला तासन्तास जुंपतात. कधी एखादा अडकलेला प्रोग्रामही विनाकारण फिरत राहतो.

भार नगण्य आणि तरी तापमान जास्त असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. ती कुठे अडते, हे आकडा किती वेगाने चढतो त्यावरून कळते. काम सुरू होताच काही सेकंदांत तो टोकाला जात असेल आणि हीटसिंक मात्र फारसा तापत नसेल, तर वाळलेली पेस्ट किंवा सैल स्क्रू यांचा संशय घ्यावा. आकडा १०-१५ मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर हवा खेळत नाही असे समजावे. शंका असल्यास सर्व्हर टेबलफॅनसमोर १५ मिनिटे ठेवावा. आकडा झपाट्याने उतरला, तर दोष जागेचा, धुळीचा किंवा आतल्या पंख्याचा आहे.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

आधी बिनखर्चाचे. टीव्हीच्या बंद कपाटातून, राउटरच्या डोक्यावरून सर्व्हर बाहेर काढावा आणि सर्व बाजूंनी चार बोटे जागा सोडावी. संगणक बंद करून, वायर काढून जाळीतील व पंख्यातील धूळ मऊ ब्रशने झाडावी. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

त्यानंतर सेटिंग. व्हिडीओ रूपांतराचे काम प्रोसेसरमधील ग्राफिक्स विभागाकडे सोपवावे. जड कामे पहाटेच्या गारव्यात लावावीत. बायोसमध्ये पंख्याचा वेग थोडा वाढवावा आणि सोय असल्यास वीजमर्यादा कमी करावी. वरच्या टप्प्यात वेग थोडा वाढवायलाही बरीच जास्त वीज लागते. म्हणून मर्यादा उतरवल्यावर वेग थोडाच घटतो, उष्णता मात्र बरीच कमी होते.

पेस्ट बदलणे हा शेवटचा उपाय. त्यासाठी संगणक उघडावा लागतो, म्हणून आधी वॉरंटीच्या अटी पाहाव्यात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी नवी पेस्ट पुरते.

खरा धोका कोणाला?

प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. धोका आहे तो शेजारच्या डिस्कला. साध्या हार्ड डिस्कची वापरमर्यादा बहुधा ६० अंशांच्या आसपास असते आणि त्याच डब्यात ती प्रोसेसरची उष्णता सोसत असते. शिवाय अति तापून संगणक अचानक बंद पडला, तर त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून प्रोसेसरसोबत ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कचे तापमानही पाहावे. प्रोसेसर बिघडला तर नवा मिनी पीसी घेता येतो, पण डिस्कवरची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. त्यांची एक प्रत सर्व्हरबाहेर, शक्यतो दुसऱ्या घरी असलेली बरी.