न दुखणाऱ्या गाठीची कैफियत

जालना औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या कारखान्यांतून निघणारी सळई ताणून, वाकवून, तिच्यातील घटकांची छाननी करून, रीतसर दाखला मिळाल्यावाचून मालमोटारीत चढत नाही. परंतु त्याच वसाहतीत आवार झाडणाऱ्या, किंवा शेजारच्या बियाण्यांच्या कारखान्यात दाण्यांची निवड करीत बसणाऱ्या बाईला, तिच्या स्तनांची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे काय, असे विचारले, तर उत्तर बहुधा नकारार्थी येते. यात जालन्याचा काही विशेष दोष नाही. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शेकडा एकही भरल्या नाहीत. ते प्रमाण 0.9 टक्के निघाले. आणि 2022 या एका वर्षात देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण व सुमारे 98 हजार मृत्यू झाले असावेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

या रोगाचा सर्वांत मोठा कपटीपणा असा, की त्याची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. ज्या स्त्रीच्या संसारात दुखणे म्हणजे अंथरूण धरणे, आणि अंथरूण धरणे म्हणजे कामावर खाडा पडून रोज बुडणे, तिच्या लेखी जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे. ‘दूध साकळलं असंल’, ‘चरबीची गाठ हाय’, ‘जाईल आपोआप’ अशा समजुतींच्या आधाराने महिने लोटतात; मग कातडी ओढली जाते, बोंड आत जाते, काखेत दुसरी गाठ लागते, आणि तेव्हा कुठे सासू किंवा जाऊ तिला दवाखान्यात आणते.

आता तपासणी म्हटली की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांसमोर मॅमोग्राफीचे यंत्र उभे राहते. ते उपयुक्त आहे यात शंका नाही; परंतु तरुण स्त्रीच्या घट्ट स्तनांत त्याची नजर अधू होते, आणि तालुक्यातालुक्यात ते पुरवणे व त्याची चित्रे वाचणारे तज्ज्ञ नेमणे ही मोठ्या खर्चाची तजवीज आहे. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक साधा पण धाडसी प्रश्न विचारला: यंत्राऐवजी शिकवलेला हात वापरला तर? मुंबईच्या झोपडपट्ट्यांचे 20 विभाग पाडून त्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाकडे प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत गेल्या. त्यांनी हाताने स्तनांची तपासणी केली आणि रोगाची लक्षणे समजावून सांगितली. त्यानंतर वर्षानुवर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवण्यात आले आणि निष्कर्ष 2021 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील कर्करोगाचे प्रमाण 37 टक्के, तर दुसऱ्या गटात 47 टक्के. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत एकंदर 15 टक्क्यांची घट दिसली, ती संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरती उतरली नाही. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचा निराळा हिशेब केला असता ती घट सुमारे 30 टक्के भरली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ सिद्ध झाला नाही, हेही त्याच निबंधात प्रांजळपणे नमूद आहे.

हा शिकवलेला हात नेमके करतो तरी काय? बाईला आडवे निजवून तिचा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात, म्हणजे स्तन छातीवर पसरतो. मग मधल्या तीन बोटांची टोके नव्हेत, तर पेरांचे मऊ भाग टेकवून, लहान लहान वर्तुळे काढीत, गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या कडेपर्यंत उभ्या पट्ट्यांनी सरकत जातात, एकाच जागी प्रथम हलका, मग मध्यम, मग बरगडी जाणवेल इतका दाब देतात, शेवटी काख. घाईने केलेली चाचपणी म्हणजे तपासणी नव्हे. आणि हात फिरत असताना, आता मी काय करीत आहे, कशासाठी करीत आहे, हे तोंडाने सांगत राहणारी आरोग्यसेविका त्या बाईला पुढील फेरीस पुन्हा येण्यास जितकी प्रवृत्त करते, तितकी कोणतीही भित्तिपत्रके करीत नाहीत, असे मला वाटते.

स्त्रियांना स्वतःच स्वतःची तपासणी करायला शिकवले तर इतर सारा खटाटोप वाचेल, असा एक आशावाद बरीच वर्षे होता. शांघायच्या कापड उद्योगातील कारखान्यांत सुमारे 2 लाख 66 हजार कामगार स्त्रियांवर तो पारखण्यात आला; निम्म्यांना काटेकोर शिक्षण, उजळणी, देखरेखीखाली सराव. दहा वर्षांनी स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू शिकवलेल्या गटात 135, न शिकवलेल्या गटात 131! निरुपद्रवी गाठींसाठी झालेल्या सुयांच्या व शस्त्रांच्या तपासण्या मात्र पुष्कळ वाढल्या. तेव्हा स्वतःच्या शरीरात बदल दिसला तर तो तत्काळ दाखवावा हे योग्यच, पण सारा भार त्या बाईच्या बोटांवर टाकून व्यवस्थेने मोकळे व्हावे, हे योग्य नव्हे.

याउलट नुसत्या बोलण्याने काय साधते, हे आपल्याच मराठवाड्याच्या कडेला दिसून आले आहे. 1987 साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयांच्या दप्तरांवर विसंबता येत नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगाव फिरले, लोकांत बसले, लक्षणे सांगितली, तपासणीस चला म्हणाले. हेतू मोजणीचा होता. पण या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. रोग निराळा असला तरी पुरावा बोलका आहे.

दवाखान्याच्या आत मात्र हे बोलणे नेमके आटते. मॅमोग्राफीच्या अहवालावर ‘बायरॅड्स’ नावाचा अंक असतो. बायरॅड्स 2 म्हणजे कर्करोगाचा दुसरा टप्पा नव्हे, गाठ निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ. 4 म्हणजे चौथा टप्पा नव्हे, तर संशयास जागा आहे, सबब तुकडा काढून तपासावा, एवढेच. आणि 0 म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रे हवीत. हा खुलासा करण्यास दोन मिनिटे लागतात. ती कोणी दिली नाहीत, तर 4 वाली बाई हाय खाते आणि 0 वाली निश्चिंत होऊन घरी जाते. दोघींपैकी अधिक धोक्यात कोण, हे ठरवणे कठीण. ‘तुकडा काढला की पसरतं’ या भीतीचेही तसेच: तिची थट्टा केल्याने ती जात नाही, सुईने तुकडा काढल्याने रुग्णाचे आयुष्य घटते असा पुरावा नाही, आणि तुकड्यावाचून औषध कोणते द्यावे हेच ठरत नाही, हे शांतपणे सांगावे लागते. सांगून झाल्यावर, ‘आता घरी गेल्यावर तुम्ही काय सांगाल, ते मला सांगा’, असे तिच्याच तोंडून परत ऐकणे ही जुनी आणि बिनखर्चाची युक्ती आहे.

आणखी एक खोड अशी, की डॉक्टर बोलतात ते नवऱ्याशी, दिराशी, मुलाशी. आणि ‘तिला सांगू नका, ती खचेल’ अशी गळ घालणारे नातेवाईक मायेपोटीच तसे करतात. तथापि सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही, मग ती जन्मदात्या आईची का असेना, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात 2008 सालीच ठरवून दिले आहे. तिला किती ऐकायचे आहे, हे प्रथम तिलाच विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आराखड्याप्रमाणे पहिल्यांदा दाखवल्यापासून निदानापर्यंतची मुदत 60 दिवसांची असावी. जालन्याच्या वसाहतीतील बाईचे हे 60 दिवस कशात खर्ची पडतात? तपासणी शिबिरात पुढील तपासणीसाठी हाती आलेली चिठ्ठी घेऊन तिने प्रथम जिल्हा रुग्णालय गाठायचे, तेथून गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. म्हणजे प्रत्येक खेपेस एक हजेरी बुडाली, भाडे पडले आणि मुकादमाला कारण सांगावे लागले, तेही असे कारण, जे पुरुषाला सांगताना जीभ अडखळते. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगार स्त्रीला अटी पूर्ण होत असतील तर कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत सरासरी मजुरीच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही उपचारांची सोय आहे. परंतु ठेकेदाराच्या कच्च्या वहीवर नाव असलेल्या बाईस विम्याचा हा आधार नाही.

तेव्हा वसाहतीतील कारखानदारांना विनंती एवढीच, की महिला दिनी शिबिर भरवून छायाचित्र काढल्यावर, ज्या बायांच्या हाती चिठ्ठी पडली त्यांची यादी एखाद्या विश्वासू स्त्री कर्मचाऱ्याकडे गुप्तपणे सोपवावी, त्यांपैकी किती जणी पुढे पोहोचल्या याची महिन्याभरात तिच्याकडून विचारपूस व्हावी, आणि त्या खेपांचे दिवस, कायम असो वा ठेक्यावरची, प्रत्येकीच्या हजेरीपटावर भरपगारी मांडावेत.