डाव्या हाताची तीस वर्षं

लिऑन फ्लायशर म्हटलं की एकच गोष्ट सांगितली जाते: जगप्रसिद्ध पियानिस्टचा उजवा हात गेला आणि तीस वर्षांनी परत आला. गोष्ट खरी आहे. पण मला कित्येक वर्षं धरून ठेवलंय ते मधल्या तीस वर्षांनी. हा माणूस शिक्षक म्हणून घडला तो त्या काळात.

आधीचं थोडक्यात सांगतो. जन्म 1928, सॅन फ्रान्सिस्को. स्थलांतरित कुटुंब, वडील टोप्या करणारे. मुलगा एक तर अमेरिकेचा अध्यक्ष होणार, नाही तर मोठा पियानोवादक, हे आईनं ठरवूनच टाकलेलं. आर्टुर श्नाबेल एवढ्या लहान मुलांना शिकवत नसत. पण नऊ वर्षांच्या या पोराला त्यांनी पदरात घेतलं, आणि ते इटलीत कोमो सरोवराकाठी शिकायला गेलं. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ब्राम्स. 1952मध्ये ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला क्रमांक. मग जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर बेथोव्हनचे पाच आणि ब्राम्सचे दोन कन्चेर्तो. ही ध्वनिमुद्रणं आजही कोणत्याही नव्या मुद्रणासमोर ताठ उभी राहतात.

श्नाबेल यांचे गुरू लेशेटिझ्की, त्यांचे गुरू चेर्नी आणि चेर्नींचे गुरू खुद्द बेथोव्हन. गंडा बांधून शिकण्याची परंपरा असलेल्या आपल्या मुलखात या साखळीचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

1964च्या सुमारास फ्लायशरांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप तळव्याकडे वळू लागल्या. त्यांचं वय तेव्हा जेमतेम छत्तीस. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. स्नायू धडधाकट असतात, बिघडतो तो मेंदूकडून बोटांना जाणारा हुकूम, तोही ठरावीक हालचालीच्या वेळीच. त्या काळी डॉक्टरांना निदानच होईना. सेल यांच्याबरोबरचा 1965चा रशिया दौरा हातचा गेला, संसार मोडला, आत्महत्येचे विचार मनात आले. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता लिहिलं आहे.

बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ते 1959पासून शिकवत होते. विद्यार्थी अडला की त्याला बाकावरून बाजूला सारायचं आणि स्वतः वाजवून दाखवायचं, ही तोवरची रीत. आता ती सोय उरली नाही. वाक्य कुठे श्वास घेतं, एका सुरावरून दुसऱ्यावर वजन कसं सरकतं, शांततेची लांबी किती, हे सगळं शब्दांत सांगणं भाग पडलं. त्यामुळे आपण अधिक चांगले शिक्षक झालो, असं ते स्वतःच सांगत. मला हे मनापासून पटतं. वाजवून दाखवलं की विद्यार्थी नक्कल उचलतो; शब्दांत सांगितलं की त्याला सूर स्वतः शोधावा लागतो. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस हे तिघेही त्यांचे शिष्य. आणि तिघांचं वादन एकमेकांसारखं नाही!

आता माझा लाडका विषय, ज्याकडे फ्लायशर या काळात वळले: फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत. वांद्र्याच्या एका पियानो टीचरनी एकदा मला स्क्रियाबिनचं ओपस 9 मधलं नॉक्टर्न वाजवून दाखवलं. 1894 सालची ही रचना. अतिरियाजानं स्क्रियाबिनचा उजवा हात दुखावला तेव्हाची. टीचरनी उजव्या हातानं बाकाची कड घट्ट धरली होती, तोल जाऊ नये म्हणून. डावा हात खर्जातला सूर दाबून लगेच वर झेपावायचा आणि मागे राहिलेला सूर पेडल धरून ठेवायचं. त्या म्हणाल्या, ‘‘अंगठा बघा.’’ उजव्या हातात धुन बहुधा करंगळी-अनामिकेच्या वाट्याला येते, म्हणजे दुबळ्या बोटांच्या. डाव्या हातात वरच्या सुरांकडे अंगठा असतो, म्हणून धुन सगळ्यांत बळकट बोटाकडे जाते. आणि फ्लायशरांची गेलेली बोटं नेमकी करंगळी-अनामिकाच होती.

यातलं बरंचसं भांडार पाउल विटगेनश्टाइन या पियानिस्टमुळे जमलं. तत्त्वज्ञ लुडविगचे हे थोरले भाऊ. 1914 साली युद्धात उजवा हात गमावून ते रशियनांचे कैदी झाले. घराणं गडगंज श्रीमंत. परत आल्यावर त्यांनी पैसे मोजून मोठमोठ्या रचनाकारांकडून संगीत लिहवून घेतलं. राव्हेलचा कन्चेर्तो त्यांनीच 1932मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवला. पुढे तो फ्लायशरांची ओळखच झाला. प्रोकोफिएव्हचा चौथा कन्चेर्तो मात्र विटगेनश्टाइननी कधीच वाजवला नाही. हिंडेमिथनं 1923मध्ये दिलेली रचना तर कुलूपबंदच ठेवली. स्वतः वाजवायची नाही आणि दुसऱ्यालाही द्यायची नाही, हा हट्ट मला आजही खुपतो. त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर, 2002 साली, पेनसिल्व्हेनियातल्या घरात ते बाड सापडलं. डिसेंबर 2004मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर, सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली, ती रचना जगानं पहिल्यांदा ऐकली. पियानोवर होते शहात्तर वर्षांचे फ्लायशर.

तोवर उजवा हात बराच सुधारला होता. 1990च्या दशकाच्या मध्यावर बोटॉक्सची इंजेक्शनं आणि खोलवर मालिश यांनी बोटं सैल झाली. विकार पुरता गेला नव्हता, इंजेक्शनं पुन्हापुन्हा घ्यावी लागत. ‘टू हँड्स’ हा अल्बमही 2004चाच. त्यातला शुबर्टचा शेवटचा, बी फ्लॅटमधला सोनाटा जरूर ऐका. तिथे घाई नाही, आणि शांततेची लांबी अगदी वर्गात शिकवावी तशी मोजलेली आहे.

हात परत आल्यावरही त्यांनी वर्ग सोडला नाही. 2 ऑगस्ट 2020 रोजी बाल्टिमोरमध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं, आणि अगदी शेवटपर्यंत त्यांचं शिकवणं चालू होतं. त्यांचे मास्टरक्लास चित्रफितींवर पाहायला मिळतात. मी सुचवेन की आधी ते पाहावेत आणि नंतरच ध्वनिमुद्रणांकडे वळावं.