उजनीवरची मोरघार

दिघीहून पहाटे चारला निघालं की सोलापूर रस्त्याने उजाडायच्या सुमारास भिगवणजवळच्या कुंभारगावात पोचता येतं. घारी आपल्या दिघीच्या टेकडीवरही रोज घिरट्या घालतात. पण पाण्यावर झेपावणाऱ्या शिकारी पक्ष्याचा फोटो हवा असेल, तर उजनीचा फुगवटाच गाठायला हवा. आपल्याकडचं पाणीही शेवटी तिथेच जातं. इंद्रायणी आळंदीवरून तुळापूरला जाऊन भीमेला मिळते आणि भीमा १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात.

कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवतात. बहुतेकांना रोहित बघायचे असतात. मी जातो ते मोरघारीसाठी. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून येणारा हा पाहुणा जवळजवळ फक्त माशांवर जगतो. तिच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढून आणि दोन मागून माशाला आवळतात. तळव्यावर बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत चिलापीसुद्धा निसटत नाही.

बुडालेल्या झाडाच्या वाळक्या फांदीवर ती बसलेली दिसली की नवख्याचा जीव वरखाली होतो. ‘दादा, अजून जवळ घ्या!’ इथेच खेळ बिघडतो. होडी अंगावर आली की मोरघार आपल्याकडे पाठ करून निघून जाते आणि फोटोत येते फक्त शेपटी. खरं तर ती वाऱ्याला तोंड देऊन उडते. म्हणून आधी वारा कुठून येतोय ते बघायचं, शक्यतो सूर्य पाठीशी ठेवायचा आणि वारा येतो त्या बाजूला, बऱ्याच अंतरावर होडी थांबवायची. इंजिन बंद. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान. डोकं पांढरं आणि पाठ गडद तपकिरी, त्यामुळे पाण्याच्या पार्श्वभूमीवर एक्स्पोजर थोडं उतरवायचं, नाहीतर डोक्यावरची पिसं पांढरीफटक जळतात.

मग वाट बघायची. ती अंग किंचित पुढे झुकवते, विष्ठा टाकते आणि झेप घेते. ‘मासा खाऊन झालाय तिचा, आता काय ती लवकर हलत नाही,’ असं होडीवाले मामा म्हणाले, की मी निमूट कॅमेरा मांडीवर ठेवतो. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

शिकारीत सगळे पाण्यावर आदळण्याचा क्षण टिपायला धावतात. माझ्या मते त्यानंतरचे दोन सेकंद जास्त मोलाचे. मासा घेऊन ती जड पंखांनी वर उठते आणि हवेतच, भिजलेला कुत्रा झाडतो तसं सगळं अंग झाडते. थेंबांचं कडं होतं. तेवढ्यात माशाचं तोंड पुढे वळवून घेते, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी. हा फोटो बसलेल्या पक्ष्याला उठवून कधीच मिळत नाही. उलट हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाची ताकद आपण फुकट घालवतो.

भिगवणला जाणार असाल तर होडीत पाय ठेवतानाच सांगा: पक्षी उडवायचा नाही. गिऱ्हाईक मागेल तसं होडीवाले नेतात, तेव्हा ही जबाबदारी आपली. आणि फोटो मिळो न मिळो, होडीचे ठरलेले पैसे पूर्ण द्या.