बाळाला ऐकू येत नाही, मग डोक्याचा स्कॅन कशाला?

ताट आपटलं तरी तान्हं बाळ दचकत नाही, हे घरच्यांना कळतं. पण 'त्याचे आजोबाही उशिरा बोलले' असं म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात. पुढे बेरा तपासणीत बहिरेपणा पक्का होतो आणि डॉक्टर सीटी स्कॅन, एमआरआय लिहून देतात. कान वाहत नाही, दुखत नाही, मग हा खर्च कशाला, असं घरच्यांना वाटतं.

बेरा किती ऐकू येतं ते सांगते, का येत नाही ते सांगत नाही. आतला कान हाडात खोल असतो, बॅटरी मारून दिसत नाही. तिथं शंखासारखा कॉक्लिया असतो, त्याला साधारण अडीच वेढे. पोटात असताना वाढ अर्धवट राहिली तर वेढे कमी पडतात. इटलीतले डॉक्टर कार्लो मोंदिनी यांनी १७९१ मध्ये दीडच वेढ्यांचा कान नोंदवला, तोही मुलगा वारल्यावर. आता सीटीत हाडाची ठेवण दिसते आणि एमआरआयमध्ये आतलं पाणी व नस.

नस बघणं सगळ्यात महत्त्वाचं. कॉक्लियर इम्प्लांट याच नसेला करंट देतं. खांबापासून मोटरीपर्यंत केबलच नसेल तर नवा स्टार्टर बसवून पाणी येईल का? नस नसेल तर डॉक्टर दुसरा मार्ग सांगतात, खुणांची भाषाही त्यात आली.

काही मुलांच्या आतल्या कानातली एक बारीक नळी जास्त रुंद असते. मधोमध दीड मिलिमीटरपेक्षा जास्त भरली की रुंद धरतात. अशा मुलाला जन्मल्यावर थोडंफार ऐकू येतं, पण डोक्याला मार लागला की तेही एकदम जाऊ शकतं. कुस्ती, कबड्डीपासून त्याला लांबच ठेवलेलं बरं.

स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कान बरा आहे, असं मात्र नाही. बहुतेक मुलांचा नॉर्मलच येतो, कारण बिघाड स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक पेशींत असतो. तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो. नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो, मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हाडाची ठेवण नीट असेल तर इम्प्लांटचं ऑपरेशन सोपं जातं.

लहान मूल मशिनमध्ये स्थिर राहत नाही, म्हणून झोपेचं औषध देतात. त्याआधी किती तास उपाशी ठेवायचं ते विचारून घ्या. एमआरआयमध्ये एक्स-रे किरण नसतात, सीटीत असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना बाळाचं ऐकणं तपासायला सांगा. केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं, पण जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे.